सरनोबत मॅडमची उल्का

मानवजातीच्या ज्ञानात भर पडण्याचा क्षण प्रत्यक्ष पाहायला मिळणं, हे भाग्य फार थोड्यांच्या वाट्याला येतं. माझ्या वाट्याला ते आलं तेव्हा मी जैसलमेरच्या पलीकडे एका वाळूच्या टेकाडाआड, वाऱ्याकडे पाठ करून उभा होतो आणि निदान दोन मिनिटं मला कोणी हाक मारू नये एवढीच माझी इच्छा होती.

"पोतनीस सर! असाल तिथून या!"

हाक सरनोबत मॅडमची होती. कुमुदिनी सरनोबत आमच्या कॉलेजात भूगोल विभागाच्या प्रमुख होत्या. विभागात दुसरं कोणीच नसल्यामुळे त्या स्वतःच्याच प्रमुख होत्या. मी शिकवायचो अर्थशास्त्र. पण भूगोलाच्या अभ्यास सहलीबरोबर एक पुरुष शिक्षक असलाच पाहिजे असा संस्थेचा नियम होता, आणि पुरुषांत सगळ्यात कनिष्ठ मी होतो.

असेल तिथून जाणं शक्य नव्हतं. थोड्या वेळानं गेलो.

मॅडम वाळूत गुडघे टेकून बसल्या होत्या. पदर कमरेला खोचलेला, डोक्याला टॉवेल गुंडाळलेला. पुढ्यात नारळाहून थोडा मोठा काळाकुट्ट दगड. अर्धा वाळूत, अर्धा वर.

"हात लावू नका."

"नाही लावत."

"काय दिसतंय?"

"दगड."

"अहो, दगड मलाही दिसतोय. आजूबाजूला काय दिसतंय?"

"वाळू."

"आणखी?"

"वाळूच."

"मग! वाळूत दगड उगवतो का? नदी नाही, डोंगर नाही, नजर जाईल तिथपर्यंत एक खडा नाही. मग हा आला कुठून?"

मी प्रामाणिकपणे विचार केला. "उंटावरून पडला असेल."

"उंट दगड घेऊन कशाला हिंडेल?"

याचं उत्तर माझ्या विषयात नव्हतं.

मॅडमनी पिशवीतून होकायंत्र काढलं. काच शाबूत असलेलं विभागातलं हे एकमेव उपकरण. त्यांनी ते दगडाशी नेलं. इतका वेळ गुमान उत्तर दाखवत बसलेली सुई थरथरली आणि दगडाकडे कलली. एव्हाना मुलंमुली भोवती गोळा झाली होती. सगळी एकदम पुढे झुकली. आमच्या होकायंत्राची सुई काही करते, हे त्यांनी पहिल्यांदाच पाहिलं होतं.

"लोह आहे," मॅडम हळू आवाजात म्हणाल्या. "आणि वरचा थर बघा. जळल्यासारखा, चकचकीत. आकाशातून येताना पृष्ठभाग वितळतो आणि त्याचं असं काळं कवच होतं."

"म्हणजे उल्का, मॅडम?" एका मुलीनं विचारलं.

"मी तसं म्हटलेलं नाही," मॅडम म्हणाल्या. पण खांद्यावरची शाल काढून त्यांनी तान्ह्या पोराला गुंडाळावं तसा तो दगड गुंडाळला. "आणि याला पाणी लावायचं नाही कुणी. कवच खराब होतं. पुस्तकात दिलंय."

टेकाडाखालून आमचे आचारी ज्ञानूमामा उलथनं हलवत ओरडत होते. "मॅडम, पिठल्याला गुठळ्या धरत्यात! दगडं मागनं बघा की!"

परतीच्या प्रवासात दगड माझ्या मांडीवर होता. बसमध्ये उल्केसाठी वेगळी सीट नव्हती आणि मॅडमच्या मांडीवर नकाशे होते.

हे सगळं इतकं महत्त्वाचं का होतं, ते सांगायला हवं. आमचं कॉलेज सातारा जिल्ह्यातलं, तालुक्याच्या गावचं. शतक संपत आलं होतं आणि गावोगाव एकच गोष्ट बोलली जात होती, कॉम्प्युटर. आमच्या संस्थेचे अध्यक्ष आप्पासाहेब यांनाही कॉम्प्युटर हवे होते. कॉम्प्युटरला खोली हवी होती, आणि खोली होती भूगोलाची. पदवीला भूगोल घेणारी मुलं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी, त्यातलं एक बोट कायम गैरहजर. प्राचार्यांची जागा रिकामी होती. ती भरली तर कॉलेजात प्राचार्य येईल अशी भीती असल्यामुळे आप्पासाहेब स्वतःच कॉलेज बघत. त्यांनी सहलीआधीच मॅडमना बोलावून सांगितलं होतं की पुढच्या बैठकीत भूगोल बंद करण्याचा ठराव आहे, आणि मॅडमची बदली घाटमाथ्यावरच्या संस्थेच्या शाळेत होईल. त्या गावाला पावसाळ्यात एस.टी. जात नसे. उन्हाळ्यातही ती गेलीच पाहिजे असं नव्हतं.

"भूगोल काय आता कुठं पळून जात न्हाई, मॅडम," आप्पासाहेब म्हणाले होते. "डोंगर हाईत तिथंच ऱ्हाणार. कॉम्प्युटर मात्र गेलं तर गेलं."

 वर्गावर जाऊन मॅडमनी त्या दिवशी मुलांकडून सगळे खंड तोंडपाठ म्हणून घेतले.

तर अशा स्थितीत आम्ही आकाशातला दगड घेऊन गावात शिरलो. तिसऱ्या दिवशी स्थानिक पेपरात मथळा आला: 'अंतराळातून थेट आपल्या तालुक्यात'. जैसलमेरचा उल्लेख शेवटच्या परिच्छेदात होता, आणि तिथंही ते 'जेसलमीर' झालं होतं. फोटोत दगड मध्यभागी, एका बाजूला मॅडम, दुसऱ्या बाजूला आप्पासाहेब. आप्पासाहेबांचा हात दगडावर होता. दगड त्यांनीच झेलला असावा असं वाटत होतं.

लोक बघायला येऊ लागले. भूगोल विभागाच्या दाराशी चपलांचा ढीग पडू लागला. कुणीतरी दगडाला हळदकुंकू वाहिलं, मॅडमनी ते ब्रशनं झाडून काढलं. आप्पासाहेब हार आणि नारळ घेऊन आले. हार त्यांनी घातला. नारळ फोडायला निघाले, तेव्हा मॅडम मध्ये उभ्या राहिल्या.

"पाणी लावायचं नाही, आप्पासाहेब."

"नारळाचं पाणी पाण्यात धरायचं नसतं, मॅडम."

"दगडाला ते कळणार नाही."

आप्पासाहेबांनी नारळ माझ्या हातात दिला. "असू दे. मॅडम, आता भूगोल बंद करायला कुणाची छाती हाय! मंत्र्यांना बोलावतो. उल्का दालन करू. काचेची पेटी, वर लाइट. पोरं लांबलांबनं येतील. कॉम्प्युटरचं बघू, त्यास्नी वरची गच्ची देऊ."

"आधी तपासून घ्यायला हवं," मॅडम म्हणाल्या.

"काय तपासायचं?"

"उल्का आहे का ते."

"सुई हलली न्हवं?"

"हलली. पण खात्री करून घेतलेली बरी."

आप्पासाहेबांनी आवाज खाली आणला. "मॅडम, साखरपुडा झाल्यावर पत्रिका बघायची नसती."

"मी बघते," मॅडम म्हणाल्या.

पुण्याच्या एका संस्थेत डॉ. सोवनी नावाचे निवृत्त भूगर्भशास्त्रज्ञ अजून रोज येऊन बसतात असं मॅडमना कळलं होतं. रविवारी सकाळी आम्ही दोघं एस.टी.नं निघालो. कुणालाही सांगितलं नव्हतं. दगड पुन्हा माझ्या मांडीवर. बैठक दुसऱ्याच दिवशी होती.

डॉ. सोवनी म्हणजे खादीचा झब्बा, जाड चष्मा आणि टेबलावर दगडांचा इतका खच की चहाचा कप ठेवायला जागा नाही. त्यांनी शाल सोडली, दगड उचलला, डावीकडून पाहिला, उजवीकडून पाहिला, मग नाकाशी नेला आणि हुंगला. उल्का हुंगून ओळखतात हे मला नवीन होतं.

"फोडणी," ते म्हणाले.

"काय म्हणालात?" मॅडम म्हणाल्या.

"जुनं, जळकं तेल. मोहरी आणि हिंगाची खात्री देत नाही. हे कवच वगैरे काही नाही, बाई. ही काजळी आहे. तेल सांडून, भाजून भाजून घट्ट बसलीय." त्यांनी नखानं एक पापुद्रा उचकटला. "तुम्ही धुतला नाहीत हा?"

"पुस्तकात दिलंय, उल्केला पाणी लावू नये."

"बरोबर दिलंय. पण दगड उल्का असेल तर."

मॅडम उठल्या. "नळ कुठे आहे?"

"राहू द्या, शिपायाला सांगतो."

"नको. मी धुते."

कोपऱ्यातल्या मोरीत मॅडमनी बांगड्या मागे सारल्या आणि भांडी घासायचा काथ्या घेऊन त्या दगडाला भिडल्या. काळं पाणी वाहून गेलं. मॅडम घासतच होत्या. एक बाजू स्वच्छ झाली तेव्हा त्या थांबल्या आणि दगड खिडकीच्या उजेडात धरून बघत राहिल्या. बराच वेळ.  

"बेसाल्ट," मॅडम म्हणाल्या.

"बेसाल्ट," डॉ. सोवनी म्हणाले. "दख्खनचा. आपला काळा दगड. त्यातल्या लोहखनिजानं सुई थोडी हलते, पुष्कळांची फसगत होते. तुम्ही कुठून आलात म्हणालात?"

"सातारा जिल्ह्यातून."

"तिथे याशिवाय दुसरं काही आहे का? मग एवढ्या लांब हा मला दाखवायला आणलात?"

"हा आम्हाला जैसलमेरच्या वाळवंटात सापडला."

डॉ. सोवनींनी चष्मा काढून पुसला. "म्हणजे कुणीतरी तो इथून तिकडे नेला, आणि तुम्ही परत आणलात." मग त्यांनी दगड उलटा केला आणि एका कोपऱ्यावर बोट ठेवलं. तिथे काजळी निघाल्यावर करड्या रंगाचा एक घट्ट चिकटलेला थर दिसत होता. "आणि हे सिमेंट आहे. सिमेंट लागलेली उल्का माझ्या पाहण्यात नाही. पण माझं वाचन हल्ली कमी झालंय."

त्यांनी आम्हाला चहा पाजला. निघताना मॅडमनी दगड पुन्हा शालीत गुंडाळला.

परतीच्या एस.टी.त आम्ही खंबाटकीचा घाट चढेपर्यंत मॅडम खिडकीबाहेर बघत होत्या. मग एकदम म्हणाल्या, "पोतनीस, गेल्या वर्षी मला येता आलं नव्हतं, तेव्हा सहलीबरोबर कोण होतं?"

"मीच होतो."

"मुक्काम कुठे केला होता?"

"त्याच टेकाडाखाली. आपल्या ड्रायव्हरला राजस्थानातली तेवढी एकच जागा माहीत आहे."

"आणि चूल कशावर मांडली होती?"

 सहलीला आचारी बरोबर न्यायचा आणि चुलीवर आपलंच रांधायचं, ही आमच्याकडची रीत. कारण परमुलखात मुलांना बाधतं, असं आप्पासाहेबांच्या आईंचं मत होतं आणि ते संस्थेनं धोरण म्हणून स्वीकारलं होतं. आता वाळूत चूल मांडायची तर दगड हवेत. वाळवंटात दगड नसतात, हे मॅडमनी मला नुकतंच शिकवलं होतं. म्हणून ज्ञानूमामा चुलीचे तीन दगड गावाहूनच, बसच्या डिकीतून, नेत असत.

"मॅडम," मी जरा वेळानं म्हणालो, "एक बोलू? आपण पुण्याला आलो हे कुणाला माहीत नाही. उद्या बैठक आहे. आप्पासाहेबांनी भूगोल ठेवतो म्हणून शब्द दिलाय."

"तुम्हाला माहीत आहे ना, आपण आलो ते?"

"मी अर्थशास्त्राचा. मला दगडातलं काय कळतं?"

त्या हसल्या नाहीत. त्यांनी खिडकीबाहेर बोट दाखवलं. घाटातला काळा कातळ आमच्याबरोबर पळत होता, थरावर थर.

"हे सगळं तेच आहे. लग्न होऊन आले तेव्हापासून मी हे शिकवते. प्रश्नपत्रिकेत कायम असतं, 'टीपा लिहा: दख्खनचा बेसाल्ट'. आणि हातात आला तेव्हा मला ओळखता आला नाही. का, सांगा?"

"काजळी होती वर."

"काजळी कसली! मला तो वरून पडलेला हवा होता." त्यांनी खिडकीची काच वर ओढली. "आता आप्पासाहेबांनाही तसाच हवाय. तुम्हालाही हवाय. पण किती जणांना हवाय यावर दगड ठरत नसतो."

"घाटमाथ्यावर एस.टी. जात नाही, मॅडम."

"चालत जाईन."

गावात उतरल्यावर त्या घरी गेल्याच नाहीत. सरळ ज्ञानूमामांकडे. मामा अंगणात बाजेवर बसून पेपर वाचत होते. त्याच अंकाची घडी, फोटो वर.

"मामा, गेल्या वर्षी वाळवंटातून चुलीचे दगड परत किती आणले?"

"तीन."

"नक्की?"

"मंजी काय! तीन न्यायचं, तीन आणायचं."

"हा त्यातला नाही ना?" मॅडमनी शाल उघडली.

मामांनी दगडाकडे पाहून हात जोडले. "आवं मॅडम, ही देवाघरची वस्तू. पेपरात फोटू हाय की! माझ्या चुलीतली दगडं काळी असत्यात."

"हाही काळाच होता. मी धुतला."

"धुतला?" मामा बाजेवरून उठले. "आन् मग आता वो? कोपायचा की!"

"तुम्ही दगड आणता कुठून?"

"कुठनं म्हंजी? कालिजातनंच. मागली भित पडलीया, तितनं. लई चांगली दगडं हाईत, चपटी. दर साली तितनंच घेतो."

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. कॉलेजच्या मागच्या कुंपणाची भिंत बांधली त्याच्या पुढच्याच पावसाळ्यात आडवी झाली होती. तिथे दगडांचा ढीग पडून होता आणि त्या वाटेनं म्हशी मैदानात चरायला येत. आम्ही ढिगापाशी गेलो. मॅडमनी एक दगड उचलला, त्याच्यावरचं सिमेंट नखानं खरवडलं, शालीतल्या दगडाशेजारी धरलं. मग पलीकडचा दगड. मग आणखी एक. माझ्या मते पहिल्यातच समजलं होतं, पण त्या थांबायला तयार नव्हत्या. एक म्हैस बाजूला उभी राहून बघत होती.

"उल्का नाही," मॅडम शेवटी म्हणाल्या. "कंपाउंड वॉल आहे."

दुसऱ्या दिवशी बैठकीला मी शिक्षक प्रतिनिधी म्हणून हजर होतो. ही जागाही कनिष्ठ माणसालाच द्यायचा प्रघात होता. दगड टेबलाच्या मध्यभागी, वर ताजा हार. धुतल्यामुळे तो उजळला होता, आणि सदस्यांपैकी एक जण म्हणाला की तेज वाढलंय.

आप्पासाहेबांनी मंत्र्यांची तारीख मिळाल्याचं जाहीर केलं. टाळ्या झाल्या. मॅडम उभ्या राहिल्या.

"बसा, मॅडम. सत्कार शेवटी हाय."

"बसते. आधी सांगते. हा दगड उल्का नाही."

"कोण म्हणतंय?"

"पुण्याच्या तज्ज्ञांना दाखवला."

"पुण्याच्या!" आप्पासाहेब खुर्चीत मागे टेकले. सदस्यांकडे पाहून हसले. सदस्यही हसले. "पुण्याच्या लोकास्नी आपलं कधी काय बघवलंय का? उद्या हिमालय आपल्या तालुक्यात असता तर म्हनलं असतं, टेकडी हाय."

"पुण्याचं सोडा. मी म्हणते. मी बघितला. हा आपला काळा दगड आहे. याला सिमेंट लागलंय."

"वर सिमेंट नसतं कशावरनं?" कोपऱ्यातून एका वयोवृद्ध सदस्यांनी विचारलं. ते निवृत्त मुख्याध्यापक होते.

"मग हा दगड कुठला म्हणता तुम्ही?" आप्पासाहेबांचा आवाज अजून मवाळ होता.

"आपल्या कुंपणाच्या भिंतीचा. मागची भिंत पडली आहे ना, तिथला. ज्ञानूमामांनी गेल्या वर्षी चुलीसाठी नेला, आणि तो वाळूत राहिला."

 चहा घेऊन आलेला शिपाई दारातच थांबला. सगळ्यांच्या माना हळूहळू एकाच दिशेला वळल्या. तिथे हणमंतराव बसले होते. हणमंतराव म्हणजे आप्पासाहेबांचे मेहुणे, संस्थेचे सदस्य, आणि त्या भिंतीचे ठेकेदार.

"कुठली भिंत पडली?" हणमंतरावांनी विचारलं.

"मागची."

"मागची भिंत पडलेली न्हाई."

"अहो, म्हशी येतात तिथून."

"म्हशी गेटातनं येत्यात."

"हणमंतराव, मी काल तिथे उभी होते. भिंतच नाही तिथे. तुम्ही चला, दाखवते."

"मला काय दाखवताय, मी बांधलीया!"

आप्पासाहेबांनी हात वर केला. ते विचार करत होते, आणि विचार करताना ते डोळे मिटत. डोळे उघडले तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर मोठी शांती होती.

"मॅडम, तुम्ही शिकलेल्या आहात, नीट बघा. दगड भिंतीतला असंल तर भिंत पडलेली पाहिजे. बरोबर?"

"बरोबर."

"भिंत तर पडलेली न्हाई. संस्थेच्या दप्तरी ती उभी हाय, मी स्वतः उद्घाटन केलंय. मग दगड भिंतीतला कसा असंल?"

"मग कुठला?"

आप्पासाहेबांनी बोट छताकडे केलं. "वरचा."

मी त्यानंतर पुष्कळ वाचलं, पण तर्कशास्त्राचा इतका शुद्ध नमुना मला पुन्हा भेटला नाही. हणमंतरावांनी सूचना मांडली की सदर दगड ही उल्का आहे असं ही सभा ठरवते. वयोवृद्ध मुख्याध्यापकांनी अनुमोदन दिलं. ठराव एकमतानं संमत झाला. शिक्षक प्रतिनिधीला मत नव्हतं.

"आता एकच काम," आप्पासाहेब म्हणाले. "विभागप्रमुख म्हणून तुमचा दाखला लागंल, पेटीवर लावायला. तुम्ही सही करा, भूगोल चालू. ह्यो माझा शब्द."

"आणि नाही केली तर?"

"तर मग... मॅडम, कशाला आपल्याच पायावर दगड मारून घेताय?"

"मी सही करणार नाही."

"विचार करा. घाटमाथ्यावर थंडी लई असती."

मॅडमनी पुढे होऊन दगडावरचा हार काढला, नीट घडी घालावी तसा टेबलावर ठेवला, आणि दगड उचलून पदरात घेतला.

"अवो, कुठं निघालात? संस्थेची वस्तू हाय ती!"

"हो," मॅडम म्हणाल्या. "जागेवर ठेवायला निघालेय."

मी त्यांच्या मागे गेलो. चहा तसाच राहिला. मुलींच्या वसतिगृहाच्या संडासाचं बांधकाम चालू होतं, तिथल्या गवंड्याला मॅडमनी हाक मारली आणि घमेलंभर सिमेंटचा माल घेऊन मागे यायला सांगितलं.

मागच्या हद्दीशी भिंतीचा पाया आणि त्यावर एखादा थर एवढंच उरलं होतं. गवंडी कमरेवर हात ठेवून बघत राहिला.

"बाई, यक दगूड लावून काय व्हतंय? समदी भितच झोपलीया."

"तुम्ही लावा. बाकीचे नंतर लागतील."

"कवा?"

"तो तुमचा प्रश्न नाही. ही काळी बाजू बाहेर घ्या. नीट बसवा, हलता कामा नये."

मॅडमनी सगळा दगड घासला नव्हता. एका अंगाला काजळी तशीच होती. गवंड्यानं माल पसरला, दगड ठेवला, थापीच्या दांड्यानं ठोकला. मॅडमनी दोन्ही हातांनी ढकलून पाहिला.

"इकडे जरा आणखी घाला."

"बसलाय की."

"घाला म्हणते ना."

त्यानं घातला. मॅडम उन्हात उभ्या राहिल्या. माल आवळून घट्ट होईपर्यंत त्या तिथून हलल्या नाहीत. दुपारच्या तासाला त्यांनी वर्ग तिथेच भरवला. मुलं ढिगावर बसली.

"हा बेसाल्ट," मॅडम म्हणाल्या. "ज्वालामुखीच्या लाव्ह्यापासून बनलेला. आपल्या पायाखाली सगळीकडे आहे. आणि ही काजळी. ही कशी ओळखायची ते आधी लिहून घ्या, मी चुकले होते."

"पण मॅडम, पेपरात..." मागून एक मुलगा म्हणाला.

"पेपरातलं परीक्षेला येत नाही. लिहा."

मंत्री आले नाहीत, त्यांचं खातं बदललं. उल्का दालनाचं उद्घाटन आप्पासाहेबांनी स्वतः केलं. दालनासाठी वाचनालयाचा व्हरांडा काढून दिला होता. काचेच्या पेटीत दगड होता, वर लाइट होता. हणमंतराव तो सकाळीच ढिगातून निवडून, धुऊन, वर बुटाचं काळं पॉलिश मारून घेऊन आले होते. पेटीवरच्या दाखल्यावर निवृत्त मुख्याध्यापकांची सही होती.

मॅडमनी घराची बांधाबांध सुरू केली. नकाशे सुतळीनं बांधले. पृथ्वीचा गोल कागदी खोक्यात भरला. होकायंत्र मला द्यायला आल्या. मी म्हटलं, मला कशाला. त्या म्हणाल्या, तुम्ही इथेच असणार, दिशा माहीत असलेली बरी. बदलीचा कागद कोणत्याही दिवशी येणार होता. उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर कॉलेज सुरू व्हायच्या आठवड्यात तीन टेम्पो भरून कॉम्प्युटर आले, आणि वायरमन भूगोलाची खोली बघायला गेला.

खोलीला अर्थिंग नव्हतं. कॉम्प्युटर कॉमर्सच्या हॉलमध्ये बसवले, बदलीचा कागद आलाच नाही आणि भूगोल चालू राहिला.